उंबऱ्यावरचे दाणे

"परत मेला!" केतकी वरडली आन् तिनं कपाळाला हात लावला.

कोण मेलं म्हणून मी पान्हा हातात घेऊनच पळत आलो. शेडच्या दुसऱ्या टोकाला मी त्या पोरांचा पंखा उतरवून बसलो हुतो. बघतोय तर कोण मेलं-बिलं नव्हतं. कोपऱ्यातल्या काम्प्युटरचा पडदा तेवढा जागच्या जागी थिजला हुता. डोंगर तिथंच, ढग तिथंच, झाडाचं पान हलंना. आन् त्याच्यासमोर खुर्चीत माझी बायको, मालन. खेळायचा रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरलेला.

"मामी, तुमच्यानं काय झालेलं न्हाई," तौफिक म्हणला. "त्योच आडकतोय सारखा."

पण मालननं रिमोट मांडीवर ठेवला. डाव्या हातानं उजवा हात उचलला आन् पदराखाली घेतला, चोरी करताना सापडल्यागत.

"अगं, पोरगं सांगतंय न्हवं, तुझ्यानं न्हाई म्हणून," मी म्हणलं.

ती बोलली न्हाई. ती बोलतच नव्हती तवा.

आता ही लई मागची गोष्ट हाय. आमी इचलकरंजीचे, आडनाव हावळ. माझा जलम मागावर गेला. शाळा चौथीतनं सुटली, सुताच्या कांड्या भरत-भरत जॉबर झालो. जॉबर म्हंजे माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालणारा. म्होरं स्वतःचे चार माग घातले, आन् म्होरं ते बी गेले. शेड तेवढी राहिली. मागाचा आवाज गेलेली शेड लई वाईट. आत शिरलं की आपलाच खोकला आपल्याला ऐकू येतो.

तर एक दिवस ही केतकी दारात. उपाध्यांची पोरगी, पुण्यात शिकून आलेली. संगं तौफिक, बागवानाचा.

"पिरूमामा, शेड भाड्यानं द्याल काय? थ्री फेज हाय न्हवं?"

"माग घालणार?"

"न्हाई. गेम बनवणार."

मी म्हणलं, "पोलिसांचं लफडं नसंल तर बनवा."

दोघं लई हसली. मग मला दाखवलं. गेमचं नाव 'मुलूख'. काम्प्युटरात एक भला मोठा मुलूखच केलेला. डोंगर, नद्या, रान, मधीच कुठं दोन-चार घरं. त्यात एक माणूस सोडलेला. त्याला आपण रिमोटनं चालवायचं.

"मारामारी कुणासंगं?" मी इचारलं.

"मारामारी न्हाई."

"मग शर्यत?"

"न्हाई मामा. नुसतं हिंडायचं. दिसंल ते बघायचं."

"म्हंजे माझ्या मेव्हण्यागत," मी म्हणलं.

बरं, गेम पुरा झालेला बी नव्हता. तरी कुठल्या-कुठल्या देशातली माणसं तो खेळत हुती, आन् हितं नदी उलटी वाहतीया, तिथं म्हस हवेत तरंगतीया, असं कळवत हुती. ही दोघं दुरुस्त करायची, चार डोंगर वाढवायची, परत सोडायची. भिंतीला गिलावा न्हाई आन् भाडेकरू आत, असला कारभार. मला आवडला. माग बी असाच चालवावा लागतो. चालू ठेवायचा आन् चालता-चालताच ऐकायचं, कुठं काय कुरकुरतंय.

त्याच वर्षी मालनला झटका आला. उजवं अंग गेलं. पाय परत आला, हात अर्धामुर्धा आला, वाचा काय आली न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "घसा चांगला हाय. शब्द बी हायत डोक्यात, नुसती वाट गुंतलीय. त्यांनी बोलायचा प्रयत्न सोडायचा न्हाई."

गुंता मला कळतो. सूत गुंतलं आन् वढलं, की गाठ जास्तच बसती. मालननं पहिल्यांदा पाणी मागायला तोंड उघडलं आन् भलताच शब्द भाईर पडला. शेजारीण बसलेली, तिला हसू आलं. वाईटपणानं न्हवं, पण आलं. त्या दिसापासनं मालननं तोंड मिटलं ते मिटलंच. भिंतीकडं तोंड करून बसायची. जिची हाक चार मागांच्या खडखडाटातनं पलीकडच्या गल्लीत जायची, ती बाई. हाताला दाबायला म्हणून बाईंनी रबरी चेंडू दिलता, तो तिनं खिडकीतनं भाईर टाकला. बोलंना, रागवंना, रडंना. मी घरात बडबडत फिरायचो, खुळ्यागत.

घरात एकटी कशी ठेवायची म्हणून शेडात जाताना तिला संगं न्यायला लागलो. मी तरी शेडात कशाला जायचो? पोरांचा पंखा सारखा बिघडायचा. आता सांगायला हरकत न्हाई, मीच तो पुरता नीट करत नव्हतो.

तिथं तौफिकनं एक दिवस तिच्या मांडीवर रिमोट ठेवला. काय समजावलं न्हाई, उपदेश न्हाई. नुसता ठेवला आन् आपल्या कामाला लागला. लई वेळ ती बघत बसली. मग अंगठा हलला. पडद्यावरचा माणूस चार पावलं चालला आन् थेट नदीत गेला.

"व्वा मामी!" तौफिक वरडला. "पहिल्याच दिशी आंघोळ!"

मालनच्या तोंडाची वाकडी बाजू जराशी सैल झाली. मी पंख्याच्या स्टुलावरनं बघितलं हे.

मग रोज दुपारी ती तिथं. कोपऱ्यातलं मशीन तिचंच झालं. नवं काय केलं की पोरं आधी तिच्या मशीनला घालायची. "मामी पास करतील तवाच जगाला," म्हणायची. आन् तिचा उजवा हात, ज्याला चेंडू नगं हुता, त्यो रिमोट धरून डोंगर चढायला लागला.

आन् आता तेच मशीन आडकत हुतं.

त्या दिशी तौफिकनं तिच्या मशीनचं पोट उघडलं. म्हंजे पान्ह्यानं न्हवं, त्याच्या पद्धतीनं. जरा वेळानं म्हणला, "केतकी, हे बघ."

मी बी डोकावलो. मुलखातलं एक घर. दाराच्या उंबऱ्यावर दाण्यांची रास. दुसरं घर, तिथं बी रास. तिसऱ्याला बी.

त्या गेमात रानातनं फिरताना फळं, फुलं, दाणे गोळा करून पिशवीत ठेवता यायचे, पाखरांना घालायला. पायजे तिथं खाली ठेवता बी यायचे. आन् खाली ठेवलेली वस्तू मुलूख कधी विसरायचा न्हाई. केतकीचा हट्टच तसा. माणूस जिथनं गेला तिथं त्याची खूण राहिली पायजे, म्हणायची.

"एकेक दाणा ध्यानात ठेवता-ठेवता मशीनला धाप लागलीय," तौफिक म्हणला. "पण मामी दाणे टाकतात कशाला?"

"हात थरथरतो तिचा," मी म्हणलं. "चुकून बटन दाबत आसंल."

पोरांना पटलं. मला बी पटलं. तौफिकनं सगळ्या राशी पुसल्या आन् ते बटनच बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिशी मालन बसली. चालत-चालत एका घराशी गेली. आत गेली. आत काय नसायचं, एक चूल आन् एक दिवा. तिथं जरा बसली, भाईर आली, आन् उंबऱ्याशी थांबली. उंबरा रिकामा. तिनं बटन दाबलं. परत दाबलं. कायच पडलं न्हाई. तिनं रिमोट टेबलावर ठेवला, माझ्याकडं बघितलं, आन् उठून दाराकडं चालायला लागली.

मग चार दिवस भिंत. जेवण बी भिंतीकडं तोंड करून. हाताची बोटं परत मिटायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "काय केलं तुमी? इतकं चांगलं चाललं हुतं."  पंखा बिघडला तर मला कळतं. हिचं काय बिघडलं ते कळंना. ती आता जी गप बसली ती कायमचीच, असंच मला वाटायला लागलं.

पाचव्या दिशी केतकी घरी आली. त्याच उन्हाळ्यात तिचं लगीन झालं हुतं, हातात हिरवा चुडा अजून तसाच. लग्नानंतर आमच्या घरी पहिल्यांदाच येत हुती. लई वेळ मालनजवळ बसली.

"मामी, तुमी न्हाई तर मशीन पास कोण करणार? तौफिक स्वतःच स्वतःला पास करायलाय."

मालन गप.

"काल तर त्यानं ढगात म्हस घातली परत."

गपच. शेवटी केतकी उठली. म्हणली, "बरं मामी, येतो मग."

तशी मालन उठली. भिंत धरत-धरत आत गेली आन् ताट घेऊन आली. ताटात तांदूळ, नारळ, हळद-कुंकू. नवी नवरी घरातनं मोकळी कशी जाणार? केतकीला पाटावर बसवलं. मी म्हणलं, "अगं, डाव्या हातानं घाल." असलं डोळं वटारलं माझ्याकडं! डाव्या हातानं ओटी भरत न्हाईत, एवढं मला बी कळायला पायजे हुतं. उजव्या हाताची मूठ तिनं कशीबशी वळली, तांदूळ घेतले, निम्मे सांडले, निम्मे केतकीच्या पदरात पडले. पाच वेळा. घाम आला तिला. मी मदतीला हात म्होरं केला तर मारला त्यावर.

केतकी नमस्कार करून उठली. दाराशी गेली. आन् जाता-जाता, अगदी सवयीनं, पदरातले चिमूटभर दाणे घेऊन तिनं उंबऱ्यावर ठेवले.

आन् तशीच थांबली. वाकलेली. हात उंबऱ्यावर.

"मामा," ती म्हणली, "तुमच्यात ओटीतले दाणे परत ठेवत्यात?"

"असंल. मला काय ठाव?" मी म्हणलं. "बायका ओट्या भरत्यात तवा आमी भाईर चपला घालून खोळंबलेलो असतो."

"ठेवत्यात मामा. ज्या घरातनं निघायचं त्या घराला रिकामं करून जायचं न्हाई. थोडं मागं ठेवायचं. माझी आई करती. मी बी आत्ता केलं, न कळता."

तिनं मालनकडं बघितलं. मालन ताट छातीशी धरून हुबी. दोघींच्या डोळ्यांत काय बोलणं झालं ते माझ्या डोक्यावरनं गेलं. केतकी तशीच भराभर शेडाकडं सुटली, मी मागं. दारातनंच वरडली, "तौफिक! त्यो बिघाड नव्हताच!"

"मग?"

"मामी सासरला निघतात! प्रत्येक घरातनं!"

तौफिकनं आधी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "माझ्याकडं काय बघतोस? मला बी आत्ताच कळलंय."

केतकीनं त्याला समजावलं. ज्या बाईला आता कुठं जाता येत न्हाई, कुणी बोलवत न्हाई, तिला त्या मुलखात घरं दिसली. प्रत्येक घरात जायची, बसायची, आन् निघताना घर भरलेलं राहावं म्हणून दाणे ठेवायची. आन् आपण काय केलं, तर ते झाडून टाकलं.

तौफिकनं खुर्ची मागं सरकवली. मग म्हणला, "खरं हाय. पण मशीन तर मरणारच की. ठेवलं तर मशीन मरतंय, पुसलं तर मामी उठून जातात."

"पुसायचं न्हाई," केतकी म्हणली. "घरातल्या माणसानं उचलून घ्यायचं."

"घरात माणूस कुठाय? एक माणूस करायला महिने जातील."

"माणूस दाखवू नको. दार लोटलेलं ठेव. मामी निघाल्या की आतनं सूप घेतल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आन् दाणे आत. कुणीतरी हाय, एवढं कळलं तरी बास."

मग काय, कामाला लागली दोघं. माझ्या घरनं सूप नेलं. खऱ्या तांदळाचा आवाज धरला. बांगड्या केतकीच्याच. भाईरच्या लोकांना गेम दाखवायचा मेळा बंगळूरला हुता, त्याची तयारी अर्धी टाकून ही पोरं माझ्या बायकोच्या उंबऱ्याचं काम करत बसली. माझ्या सख्ख्यांनी फोन केला न्हाई त्या दिवसांत. ह्या दोघांचं नातं काय म्हणून सांगू?

बटन परत चालू केलं, आवाज झाले. पण केतकी म्हणली, आतनं कुणीतरी निरोपाचं एक वाक्य बी म्हणावं. तवा तिला सासरी पूजेला जायचं हुतं. ती गेली आन् तौफिक माझ्यामागं लागला.

"मामा, आत्तापुरता तुमचा आवाज द्या. नंतर चांगला घालू."

"म्हंजे माझा वाईट हाय?"

"मामा, बसा की!"

माइकसमोर बसवलं. माइकवर कुणाचा तरी पायमोजा चढवलेला, का ते मी इचारलं न्हाई. उभ्या जलमात मागाशी बोललो, मालकाशी भांडलो, पण पायमोज्याशी बोलायची पहिलीच वेळ. घाम फुटला.

"काय म्हणू?"

"पाव्हणी निघालीय. घरातलं माणूस म्हणतं तसं काय तरी म्हणा."

मी घसा खाकरला आन् म्हणलं, "बरं. जा आता."

"झ्याक!" तौफिक म्हणला. त्यो बी माझ्यासारखाच बाप्या.

दुसऱ्या दिशी दुपारी मी मालनला म्हणलं, "पंखा परत गेलाय बघ त्यांचा. चल, तू घरात एकटी नगं." ती आली, पण खुर्चीत बसली ती पाठ करूनच. केतकी नुकतीच पोचली हुती. तिनं काय न बोलता खुर्ची वळवली आन् रिमोट मांडीवर ठेवला. मी स्टुलावर चढलो. पंख्याला काय झालेलं नव्हतं, तरी पान्हा लावून बसलो.

लई वेळ कायच झालं न्हाई. मग पडद्यावरचा माणूस चालायला लागला. ओढा वलांडला, टेकडीखालच्या घरात गेला, चुलीशी बसला. भाईर आला. उंबऱ्याशी थांबला.

मालनचा अंगठा बटनावर. दाबू का नको करत हुती.  तौफिक नखं खात हुता.

दाबलं. दाणे पडले.

लोटलेल्या दारातनं बांगड्या वाजल्या. सुपात दाणे सरकल्याचा आवाज आला. उंबऱ्यावरनं दाणे हळूच आत गेले. मालन म्होरं झुकली. तिच्या तोंडावर असं काय तरी आलं, की मला पान्हा धरवंना.

आन् मग घरातनं माझा आवाज आला, खडखडीत. "बरं. जा आता."

मालन ताठ झाली. पडद्याकडं बघितलं. मग मान वळवून वर, स्टुलावर, माझ्याकडं. तोंड लालबुंद. ओठ हलायला लागले, वाकडे-तिकडे. मला वाटलं, परत झटका आला. मी स्टुलावरनं उडीच मारली.

"ज..." ती म्हणली.

"मालन? काय हुतंय?"

"जा..." मान जोरात हलवली. "जा... म्हणू नये!"

तौफिक भिंतीपर्यंत मागं सरकला.

"जा म्हणू नये! ये... ये म्हणावं!" उजवा हात उचलून बोट माझ्याकडं केलं. "सासुर... सासुरवाशिणीला जा म्हणतंय! काय मानूस... काय मानूस हाय!"

मी तसाच हुबा.  केतकी तोंडावर पदर धरून रडत हुती, तौफिक भिंतीला टेकला हुता.

"खरं हाय, मालन," मी म्हणलं. "चुकलं."

"चुकलं म्हणं!" ती म्हणली. आन् दमून खुर्चीत मागं रेलली.

जरा वेळानं तौफिक माझ्याजवळ आला. हळूच म्हणला, "मामा, माफ करा. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आत्ताच्या आत्ता बदलतो."

मी त्याचा हात धरला. "हात लावू नगंस."

"पण मामा, मामी चिडल्यात..."

"चिडू दे. उद्या बी जाच म्हणू दे त्याला. परवा बी. सगळ्या घरांतनं म्हणू दे."

तौफिकनं बदललं न्हाई. मालन रोज जायची, रोज एका घराच्या उंबऱ्यावर दाणे ठेवायची, आन् रोज माझा आवाज तिला आतनं म्हणायचा, जा आता. पहिल्या दिवसांत दोन शब्द यायचे, मग चार. मग वाक्य जुळायला लागलं. मधीच शब्द चुकायचा, मग त्या चुकलेल्या शब्दावर बी ती चिडायची आन् नीट म्हणून दाखवायची. एका दुपारी तिनं माझ्या आईनं तिला पहिल्या सणाला कसं धाडलं हुतं हितंपासनं सुरुवात केली, आन् माझ्या सगळ्या खानदानाला कशी रीतभात न्हाई हितंपर्यंत आणून सोडलं, मधी एकदा बी न थांबता. पोरं कामं टाकून ऐकत हुती. आन् मी आपला तिच्यासमोर मान खाली घालून हुबा, शिव्या खात. पोटभर.